निळ्या भुशाचा हिशेब

टॅनरीतलं शेव्हिंग मशीन दुरून लेथसारखं वाटतं. जवळ गेलं की रुळाभोवती तिरकी बसवलेली पाती दिसतात. मशीनवरचा कामगार ओलं, फिकट निळं कातडं दोन्ही हातांनी आत सरकवतो. पाती त्याची मागची बाजू खरवडत जातात आणि कातडं सगळीकडून एकाच जाडीचं होऊन परत येतं. बुटाच्या वरच्या भागासाठी, म्हणजे अपरसाठी, ही जाडी सव्वा-दीड मिलिमीटर असते, तर हातमोज्यांसाठी त्याहून बरीच कमी. जे खरवडलं जातं ते मशीनच्या मागे पडतं. ओला, लुसलुशीत, निळा भुसा. दिवसभरात गुडघ्याएवढा ढीग साचतो. फावड्याने तो पोत्यांत भरतात आणि पोती आवारात एका कडेला रचून ठेवतात.

तमिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्यात, वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या पट्ट्यात, अशी पोती नवी नाहीत. कानपूरच्या जाजमऊत आणि कोलकात्याजवळच्या बानतळ्यातही तीच. बांगलादेशात, इटलीत, जिथे जिथे क्रोमने कातडं कमावलं जातं तिथे तिथे हा निळा भुसा आहे. त्याचा दाणा करायचा, तो कशात तरी मिसळायचा आणि कचऱ्याचा माल करायचा, ही कल्पना गेली काही दशकं अनेक देशांत राबवली जाते आहे. कुठे ती उत्तम जमली, कुठे तिच्यामुळे माणसांच्या ताटापर्यंत विष गेलं. फरक कुठे पडला, ते या लेखात शोधायचं आहे.

आधी निळ्या रंगाविषयी. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन. तीन साखळ्यांचा पीळ, त्या पिळांचे तंतू, तंतूंच्या जुड्या आणि त्या जुड्यांची एकमेकांत गुंतलेली वीण. ओलं कच्चं कातडं दोन-चार दिवसांत सडतं, वाळलं की पत्र्यासारखं कडक होतं आणि साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात आक्रसून जातं. कमावणं म्हणजे या तंतूंना आपसांत असं बांधणं की ते सडणार नाहीत आणि मऊ राहतील. माणसाने हे हजारो वर्षं झाडांच्या साली आणि फळं वापरून केलं. 1884 मध्ये ऑगस्ट शुल्झ याने अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 1893 मध्ये मार्टिन डेनिसने ती एकाच द्रावणात उरकण्याजोगी सोपी केली. सालीला आठवडे, प्रसंगी महिने लागत. क्रोमने ते काम एका दिवसात होऊ लागलं. वर क्रोमचं कातडं उकळत्या पाण्यातही आक्रसत नाही. आज जगातल्या चामड्यापैकी सुमारे चार पंचमांश चामडं क्रोमने कमावलेलं असतं. टॅनरीत त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात. ओला निळा माल.

आता तोल पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेने चर्मोद्योगाचा जो जमाखर्च मांडला आहे, त्यानुसार एक टन खारवलेल्या ओल्या कातड्यांतून तयार चामडं मिळतं जेमतेम अडीचशे किलो. बाकीचं मांसाचे लोचके, चरबी, केस, कडांची छाटण, भुसा, धूळ आणि सांडपाणी या रूपांत निघून जातं. यातला निळा भुसा साधारण शंभर किलो. कातड्याच्या मुख्य थरात जे कोलॅजेन असतं, त्यातलं निम्म्याच्या आसपासच शेवटी आपल्या बुटा-पाकिटांपर्यंत पोचतं. जनावराने वर्षानुवर्षं चारा खाऊन जे प्रथिन अंगावर धरलं, त्यातलं अर्धं आपण कारखान्याच्या मागच्या दाराने बाहेर टाकतो. ही उधळपट्टी मला मनापासून खुपते आणि म्हणूनच दाण्याच्या प्रयोगांकडे मी आशेने पाहते.

दाणाच का, असा प्रश्न कुणीही विचारील. भुसा आहे तसा का वापरत नाहीत? त्याचं कारण भुशाच्या स्वभावात आहे. तो हलका, फुगीर, एकमेकांत गुरफटणारा. निम्मं वजन पाण्याचं. ट्रक भरतो, पण माल थोडाच जातो. भाडं परवडत नाही. मशीनच्या नरसाळ्यात ओतला तर कमान धरून अडकतो. घासून गुळगुळीत करताना उडणारी बफिंगची धूळ त्याहून वाईट. ती हवेत तरंगते आणि कामगारांच्या नाकात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चामड्याच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. बूट बनवणाऱ्यांमध्ये नाकाच्या पोकळीतला कर्करोग त्यामुळे होतो हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून भुसा वाळवायचा, पात्यांच्या चक्कीत सारख्या आकाराचा करायचा, नाहीतर साच्याच्या भोकांतून दाबून त्याच्या गोळ्या पाडायच्या. दाणा मोजता येतो, वाहता येतो, साठवता येतो, ठरलेल्या प्रमाणात मिसळता येतो. आणि त्याची धूळ उडत नाही.

पण दाण्याचा आणखी एक गुण आहे. एकदा दाणा झाला की तो कशाचा होता हे बघणाऱ्याला कळत नाही. या गुणाकडे पुढे परत येईन.

*

भुशाचा सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात सरळ उपयोग म्हणजे लेदर बोर्ड. चपला-बुटांच्या धंद्यात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. आंबूर-चेन्नईकडे, कानपुरात, कोलकात्यात त्याचे कारखाने आहेत.

पद्धत कागदाच्या गिरणीची आठवण करून देणारी आहे. भुसा आणि छाटण आधी निवडतात. त्यातले खिळे, रिव्हेट, धागे काढतात. मग चक्कीत जाडसर दाणा करतात आणि तो पाण्यात भिजत घालतात. भिजलेला दाणा एकमेकांसमोर फिरणाऱ्या खाचांच्या चकत्यांमधून जातो. तिथे तंतू सुटे होतात. या लगद्यात थोडं तेल आणि रबराचा चीक घालतात. शेवटी तुरटीच्या जातीचा क्षार पडला की चीक फाटतो आणि तंतूंवर बसतो. हा लगदा जाळीवर पसरायचा, पाणी निथळू द्यायचं, दाबायचं, वाळवायचं, गरम रुळांखालून काढायचं. हाती येतात ते तांबूस-करडे तक्ते. तुमच्या पायातल्या बुटाचा आतला तळ, टाचेमागचा ताठपणा देणारा भाग, टाचेचे थर, डायरीचं पुठ्ठ्यासारखं कव्हर, पट्ट्याच्या आतली भर, यांत हा तक्ता असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला पायाचा घाम शोषता येतो. प्लास्टिकच्या तळाला ते जमत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट निर्णायक आहे, ती म्हणजे तंतूची लांबी. शेव्हिंगच्या भुशात तंतू अजून बऱ्यापैकी लांब असतो. म्हणून तो एकमेकांना धरतो आणि तक्त्याला जोर येतो. बफिंगच्या धुळीत तंतू तुटून गेलेला असतो. ती तक्त्यात फक्त जागा भरते. चक्की जास्त वेळ चालवली तर दाणा देखणा होतो, पण आत काही उरत नाही. लेदर बोर्डाच्या कारखान्यात जुना कारागीर मूठभर लगदा पिळून बोटांनी ओढून पाहतो, तो याचसाठी. किती दळायचं हे ज्याला कळतं, त्याच्या हातात या धंद्याचा नफा आहे.

इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या एका कंपनीने चिकाऐवजी पाण्याच्या बारीक, अतिशय जोरदार धारांनी हे तंतू कापडाच्या जाळीत गुंतवण्याचं तंत्र बसवलं. तो माल रेल्वेच्या आणि विमानांच्या आसनांवर चढला. खऱ्या चामड्यापेक्षा तो हलका असतो, आणि विमानात प्रत्येक किलोला इंधन लागतं. हे मला पुनर्वापराचं चांगलं उदाहरण वाटतं, कारण इथे टाकाऊ माल आधीच्यापेक्षा वरच्या दर्जाच्या कामाला लागला.

याच कुळातला ‘बाँडेड लेदर’ आपल्या शहरांतल्या फर्निचरच्या दुकानांत पोचला, तेव्हा मात्र गिऱ्हाइकाची फसवणूक झाली. ‘लेदरचा सोफा’ म्हणून घेतलेल्या सोफ्याचे दोन-तीन वर्षांत पापुद्रे निघाले, असे अनेक घरांत अनुभव आहेत. युरोपीय मानकानुसार चामड्याच्या तंतूंचा तक्ता म्हणवून घ्यायला वजनाच्या निदान 50 टक्के तरी चामड्याचा तंतू असावा लागतो, आणि अशा मालाला नुसतं ‘चामडं’ म्हणता येत नाही. सोफ्यावर जो चढतो, त्यात अनेकदा वरून प्लास्टिकचा थर आणि आत नावापुरता चुरा असतो. चांगल्या कल्पनेची अशी बदनामी होते, तेव्हा नुकसान प्रामाणिक तक्तेवाल्याचं होतं.

तक्त्याला न चालणाऱ्या बारीक दाण्याला दुसरी वाट आहे, रबराची. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात यावर बारकाईने काम झालं आहे. क्रोमच्या चामड्याचा चुरा नैसर्गिक रबरात मिसळला की अडचण येते. हा चुरा आम्लधर्मी असतो आणि आम्लामुळे रबराचं पक्व होणं, म्हणजे व्हल्कनायझेशन, लांबतं. आधी चुरा सौम्य अल्कलीने उदासीन केला तर रबर वेळेत पक्व होतं आणि ताकदही टिकते. त्यातून चपलेचा तळ, चटया, फरशी निघू शकते. वापरून टाकलेल्या बुटांचा प्रश्न याहून कठीण आहे. त्यात चामडं, फोम, रबर, धातू, डिंक सगळं एकजीव केलेलं असतं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाने त्यासाठी जी यंत्रणा उभी केली, तीही दाण्यावरच उभी आहे. बूट तीन-चार मिलिमीटरच्या तुकड्यांत दळायचा आणि हवेच्या झोतात हलकं-जड वेगळं करायचं. आपल्याकडे शेतकरी वाऱ्यावर धान्य उपणतो, तसं. रबर एकीकडे, फोम दुसरीकडे, चामड्याचा चुरा तिसरीकडे.

*

आता क्रोमियमचा मूळ प्रश्न. चामड्यातलं क्रोमियम त्रिसंयोजी असतं. ते कोलॅजेनला घट्ट बांधलेलं, पाण्यात सहसा न विरघळणारं आणि तुलनेने निरुपद्रवी असतं. पण त्याचं दुसरं रूप, षट्संयोजी क्रोमियम, पाण्यात सहज विरघळतं, त्वचेवर फोड आणतं आणि माणसात कर्करोग घडवतं. एका रूपातून दुसऱ्यात जायला तीन गोष्टी पुरतात. उष्णता, हवेतला प्राणवायू आणि चुन्यासारखी अल्कली. म्हणजे चामड्याचा कचरा उघड्यावर जाळला, वीटभट्टीत टाकला किंवा चुना मिसळून भाजला, की आपण हातांनी विष तयार करतो. प्राणवायू पूर्ण तोडून तापवलं तर ते होत नाही. राखेचा रंग पाहून हा फरक सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

इटलीतल्या टस्कनीत, पिसाजवळच्या सांता क्रोचे सुल्लार्नोच्या परिसरात शेकडो टॅनरी आहेत. तिथलं सांडपाणी सामुदायिक केंद्रांत शुद्ध होतं आणि उरलेला गाळ वाळवून, उष्णतेची प्रक्रिया करून त्याचा खडीसारखा दाणेदार पदार्थ केला जाई. तो सिमेंट आणि डांबरी कामात खडीबरोबर चालेल, अशी योजना होती. गाळ जमिनीत पुरण्यापेक्षा रस्त्यात बसवलेला बरा, या विचारात वरवर चूक काही नाही. पण एप्रिल 2021 मध्ये फ्लॉरेन्सच्या तपासयंत्रणेने मोठी कारवाई केली. हा दाणा नीट प्रक्रिया न करताच भरावाच्या मालात मिसळला गेला आणि एम्पोलीकडून जाणाऱ्या 429 क्रमांकाच्या प्रादेशिक रस्त्याखाली व इतर ठिकाणी पुरला गेला, असा आरोप झाला. त्या मालातून क्रोमियम पाझरतं आहे का, भूजलाचं काय, हे तपासण्यासाठी रस्त्याकडेच्या विहिरींचे नमुने घ्यावे लागले. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल. मला त्यातून एवढंच दिसतं की कागदोपत्री ‘उपपदार्थ’ ठरलेल्या दाण्याचा पुढचा प्रवास कुणीही पाहत नव्हतं. खडीत मिसळल्यावर तो ओळखू येत नाही, आणि ज्याच्या शेताशेजारून रस्ता गेला त्याला कुणी विचारलेलंही नाही.

आपल्याकडे राणीपेटला याहून मोठा धडा उघड्यावर पडला आहे. टॅनरींना लागणारी क्रोमियमची रसायनं बनवणारा एक कारखाना तिथे होता. 1990 च्या दशकात तो बंद पडला आणि मागे लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त कचऱ्याचा डोंगर ठेवून गेला. पावसात त्यातून पिवळं पाणी झिरपत राहिलं. त्यात षट्संयोजी क्रोमियम होतं. कारण साधं आहे. क्रोमाइटचं खनिज अल्कलीबरोबर भट्टीत भाजूनच ही रसायनं काढतात. उष्णता, प्राणवायू, अल्कली. कानपूर देहातातल्या रनियाची कहाणी अशीच, तिथले लोक वर्षानुवर्षं हातपंपाचं पिवळं पाणी पाहत आले.

पालार खोऱ्यातल्या लोकांनी 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 28 ऑगस्ट 1996 रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने जो निकाल दिला, तो आज पर्यावरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायची आणि धोका पूर्ण सिद्ध होण्याची वाट न पाहता खबरदारी घ्यायची, ही दोन तत्त्वं भारतीय कायद्याचा भाग असल्याचं त्यात सांगितलं गेलं. त्यानंतर सामुदायिक शुद्धीकरण केंद्रं झाली, थेंबभरही पाणी बाहेर न सोडण्याची सक्ती आली. तरी जानेवारी 2015 च्या अखेरीस राणीपेटच्या अशाच एका केंद्रातल्या गाळाच्या टाकीची भिंत रात्री कोसळली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेली दहा माणसं गाळाखाली मेली. त्यातले बहुतेक बंगालहून पोटासाठी आलेले कामगार. 30 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा याच खोऱ्यातल्या लोकांच्या भरपाईविषयी आदेश द्यावे लागले. पहिल्या निकालाला तोवर 28 वर्षं उलटून गेली होती.

या पार्श्वभूमीवर कुणी ‘कचऱ्याचं सोनं’ म्हणत दाण्याची नवी योजना घेऊन आलं, तर पालारकाठचा माणूस लगेच विश्वास ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही.

*

भुसा प्रथिन आहे, म्हणून त्याला खाण्याच्या साखळीत घालण्याचा मोह सगळ्यात मोठा. आणि धोकाही तिथेच सगळ्यात मोठा.

ढाक्याच्या हजारीबागेत टॅनरी होत्या. 2017 मध्ये त्या सावारला हलवल्या गेल्या. त्याआधी अनेक वर्षं तिथला भुसा आणि छाटण उकडून, उन्हात पसरून, दळून कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात मिसळत. प्रथिन स्वस्त पडे. ढाका विद्यापीठातल्या संशोधकांनी खाद्य आणि कोंबड्या दोन्ही तपासल्या, तेव्हा क्रोमियम सापडलं. 2011 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने टॅनरीच्या कचऱ्यापासून खाद्य बनवणं बंद करण्याचा आदेश दिला. ज्यांनी ते खाद्य विकत घेतलं ते बहुतेक छोटे पोल्ट्रीवाले होते. पोत्यात दाणा होता, दर परवडणारा होता. त्यात काय आहे हे ओळखण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं.

खताचं प्रकरण एवढं सरळ नाही, आणि इथे मला थांबून दोन्ही बाजू मांडाव्या लागतील. इटलीत व्हिचेंझाजवळ आर्झिन्यानो या गावी इल्सा नावाची कंपनी 1956 पासून चामड्याच्या भुशाचं नत्रयुक्त खत करते. बंद भांड्यात दाबाखालच्या वाफेने कोलॅजेन तोडतात, वाळवतात, दाणेदार करतात. युरियात 46 टक्के नत्र असतं, या दाण्यात त्याच्या पावपट किंवा थोडं अधिक. पण युरियातलं नत्र झपाट्याने सुटतं, पावसात वाहून जातं, हवेत उडतं. इथलं नत्र मातीतले जिवाणू हळूहळू सोडवतात. द्राक्ष आणि फळबागांना ते मानवतं. युरोपीय संघाच्या 2019 च्या खत-नियमांत षट्संयोजी क्रोमियमची मर्यादा किलोला 2 मिलिग्रॅम आहे. त्रिसंयोजी रूप झाडं फारसं उचलत नाहीत, असा त्यांचा आधार.

भारतात पाहा. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी क्रोमियमची मर्यादा किलोला 50 मिलिग्रॅम आहे आणि ती एकूण क्रोमियमची आहे. क्रोमच्या वाळलेल्या भुशात क्रोमियम असतं सुमारे दोन ते तीन टक्के. म्हणजे किलोला 20 ते 30 हजार मिलिग्रॅम. मर्यादेच्या चारशे ते सहाशे पट. कुणी म्हणेल, आपला नियम जास्त कडक आहे, इटलीसारखा सैल करा. मला ते पटत नाही. मातीत मँगेनीजचे ऑक्साइड असतात आणि ते त्रिसंयोजी क्रोमियमचं षट्संयोजीत रूपांतर करू शकतात, हे मृदाशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकातच दाखवलं आहे. किती होईल हे मातीवर अवलंबून. सांगली-नाशिकची द्राक्षाची जमीन आणि इटलीतल्या व्हिचेंझाकडची जमीन सारखी नाही. आणि क्रोमियम एकदा मातीत गेलं की ते परत काढता येत नाही. आधीच चोपण झालेल्या, खतं आणि औषधांनी थकलेल्या आपल्या जमिनीवर हा प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्रथिन वाया घालवायचं का? नाही. आधी क्रोमियम बाजूला काढायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या विंडमूर इथल्या प्रयोगशाळेने 1990 च्या दशकात हे करून दाखवलं. भुसा मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या सौम्य अल्कलीत कोमट ठेवायचा, विकरं घालायची. प्रथिन विरघळून पाण्यात येतं आणि क्रोमियम गाळाच्या रूपात खाली बसतं. चेक प्रजासत्ताकात, बाटा कंपनीच्या झ्लिन गावातल्या विद्यापीठाचे कारेल कोलोमाझनीक यांनी याच धर्तीची पद्धत कारखान्यापर्यंत नेली. वरच्या द्रावणातून सरसासारखं प्रथिन मिळतं. डिंकाला, चामड्याच्या फिनिशिंगला, कागदाला ते चालतं. खालचा क्रोमियमचा गाळ आम्लात विरघळवून पुन्हा कमावण्याच्या कामी येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, सीएलआरआयने, सांडपाण्यातलं क्रोमियम परत मिळवण्याचं याच तत्त्वावरचं तंत्र देशातल्या टॅनरींमध्ये रुजवलं. 1948 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला ज्यांनी घडवलं ते यलवर्ती नायुडम्मा प्रयोगशाळेतलं तंत्र छोट्या टॅनरीवाल्याच्या अंगणात उतरवण्यावर भर देत. 1985 च्या ‘कनिष्क’ विमानाच्या घातपातात ते गेले.

त्याहूनही शहाणपणाची गोष्ट म्हणजे क्रोम घालण्याआधीच कातडं ठरल्या जाडीचं करणं. पांढरी छाटण सरस, जिलेटिन, खत कशालाही चालते. त्यात विष नाहीच. पण कच्चं कातडं निसरडं असतं, नेमकी जाडी राखणं अवघड. मशीन महाग. छोट्या टॅनरीवाल्याला भुसा पोत्यात भरून कडेला ठेवणं सोपं पडतं, आणि ते का सोपं पडतं याचं उत्तर दरात आहे. पोत्याची विल्हेवाट जोवर फुकट आहे, तोवर नवं मशीन कुणी घेणार नाही.

*

महाराष्ट्रात क्रोमच्या टॅनरी आता फार नाहीत. धारावीत त्या होत्या. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्या हटल्या. आज संत रोहिदास मार्गावर दुकानं आणि आतल्या गल्ल्यांत कारखाने आहेत. बॅगा, पाकिटं, पट्टे, जाकिटं. माल येतो चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून. म्हणजे क्रोमियम तयार चामड्यातून येतं, आणि इथे उरते ती कतरण. तळहाताएवढा तुकडा असेल तर तो लगेच विकला जातो. कीचेन, कार्डाची पाकिटं, चष्म्याची घरं त्यातून होतात. बोटाएवढी चिंधी मात्र पोत्यात जाते. काही पोती तक्तेवाल्यांकडे पोचतात. उरलेली महापालिकेच्या कचऱ्यात, नाहीतर हिवाळ्यात शेकोटीत. शेकोटीत काय होतं ते वर आलंच आहे.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथली चप्पल बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याची. चुन्यात केस सोडवलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, उलटं टांगायचं, त्यात सालीचा काढा भरायचा आणि तो हळूहळू झिरपू द्यायचा. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. त्याची एक वाट कित्येक पिढ्या कातड्याच्या कुंडापर्यंत जात आली. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. त्या चपलेची रापीखालून पडणारी छाटण तपकिरी असते. तिच्यात क्रोमियम नाही. ती कुजायला वेळ घेते, पण मातीत गेली तर मातीच होते. सगळ्या जगाचे बूट सालीने कमावता येणार नाहीत, तेवढी झाडं आणि तेवढा वेळ कुणाकडे नाही. पण ज्या कारागिराचा कचराच मुळात निरुपद्रवी आहे, त्याच्या मालाच्या किमतीत ही गोष्ट धरली जात नाही, हे अन्यायाचं आहे.

अन्यायाचा विषय निघालाच आहे तर हेही. मोट, पखाल, नाडा, आसूड, हलगी. गावगाड्याला लागणारी ही सगळी साधनं ज्यांनी बनवली, त्या ढोर आणि चांभार समाजांनी जनावराचं काहीही वाया जाऊ दिलं नाही. कातडं, चरबी, हाडं, शिंगं, सगळ्याला वाट होती. त्या ज्ञानाच्या बदल्यात त्यांना वेशीबाहेरची जागा मिळाली. बाबासाहेबांनी महारांना मेलेली जनावरं ओढणं सोडा असं सांगितलं, ते या कामाला माणसाची प्रतिष्ठा मिळत नव्हती म्हणून. धारावीतल्या एका रस्त्याला ढोर समाजाच्या संत कक्कय्यांचं नाव आहे. आज ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ वगैरे शब्दांत परिषदा भरतात, तेव्हा या समाजांतली माणसं व्यासपीठावर दिसत नाहीत. दिसली पाहिजेत, आणि सल्लागार म्हणून मोबदला घेऊन.

कारण कामाचा सगळ्यात अवघड भाग त्यांनाच येतो. तो म्हणजे निवड. क्रोमचं आणि सालीचं चामडं एकत्र दळलं की पुढची प्रत्येक वाट बिघडते. तक्त्याचा दर्जा पडतो, प्रथिन काढण्याची पद्धत फसते, कंपोस्ट तर विचारायलाच नको. धारावीतला मुरलेला कारागीर तुकडा रापीने तिरका छाटतो आणि काठ उजेडात धरतो. मधला थर निळसर-करडा दिसला की क्रोम, सलग तपकिरी दिसला की साल. रंग आरपार गेलेला असेल तर एक कोपरा पेटवून राख बघतो. हिरवट राख म्हणजे क्रोम.

धारावीच्या पुनर्विकासाचे आराखडे सध्या होत आहेत. त्यांत कारखान्यांचे चौरस फूट मोजले जात आहेत. कतरणीच्या गोदामाला, तिथे निवड करणाऱ्या माणसांच्या मजुरीला आणि धूळ खेचणाऱ्या पंख्याला त्यात जागा ठेवली पाहिजे. गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक पोत्यावर आत क्रोम आहे की नाही, आणि पोतं तक्त्याला चाललं आहे, रबराला की प्रथिनाला, हे लिहिलेलं हवं. 1974 मध्ये राज्याने स्थापन केलेल्या चर्मोद्योग महामंडळाला, ज्याला आता संत रोहिदासांचं नाव आहे, हे काम हाती घेता येईल. चेन्नईत तंत्र आहे, आंबूरला गिऱ्हाईक आहे. निवडणारे हात धारावीतच आहेत आणि आज त्यांना या कामाचा एक पैसाही मिळत नाही.